'माझी मैना' : एका छक्कडीचा सांधा

अण्णाभाऊ साठे (1920–1969) यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. तिचा पूर्वार्ध विरहाचा व उत्तरार्ध प्रचाराचा असून दोहोंचा सांधा जुळत नाही, असा आक्षेप तिच्यावर घेता येईल. प्रस्तुत टिपणात त्या आक्षेपाचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

लावणीत विरह बहुधा स्त्रीच्या मुखी असतो. येथे तो मुंबईस आलेल्या मजुराच्या मुखी आहे. मैनेचे रूपवर्णन लावणीच्या वळणाचे खरे. परंतु ताटातुटीचे कारण दैव वा सवत नसून दारिद्र्य आहे. पहाटे भाकरी बांधून निघालेला हा पुरुष बेकारांच्या गर्दीत येऊन पडतो आणि तेथून गीत बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांकडे वळते. 1944 साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या या शाहिरास गिरणगावचा श्रोता पुरता ठाऊक होता. त्या श्रोत्याच्या घरच्या दुःखातूनच त्याने राजकारणाकडे वाट काढली.

हे वळण पेलले जाते ते 'राहिली' या क्रियापदामुळे. 'राहणे' म्हणजे वस्ती करणे, तसेच मागे उरणे, सुटून जाणे. ध्रुपद प्रथम कानी पडते तेव्हा पत्नी गावी उरली, एवढाच बोध होतो. प्रदेशांची नावे येऊन गेल्यावर तेच ध्रुपद ऐकताना मैना म्हणजे राज्याबाहेर राहिलेली भूमी होते. कवीस एकही शब्द बदलावा लागत नाही.

मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला व 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा घटक झाला. बेळगाव व कारवार म्हैसूर राज्यात, डांग व उंबरगाव गुजरातेत राहिले. म्हणजे आपण 'राहिलो' नाही, 'आलो'. तरीही ही छक्कड येथे परकी वाटत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर जोडप्याने कारखान्याची वाट धरतात, तेव्हा पुष्कळदा म्हातारी माणसे व मुले गावावरच राहतात.

अखेरीस प्रदेशनामांची यादी लागते, तेथे मैनेचे चित्र फिकट होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र सांधा निखळत नाही. कारण तो घोषणेने नव्हे, तर बोलीतील एका साध्या क्रियापदाने जोडलेला आहे.