‘दिव्यांग’ शब्दाचे लिंग

‘आंधळा–आंधळी’, ‘लंगडा–लंगडी’ ही आपली जुनी विशेषणे कठोर खरी. परंतु व्यक्ती स्त्री की पुरुष, हे ती लपवीत नाहीत. ‘अपंग’, ‘दिव्यांग’ हे सभ्य शब्द मात्र लिंगानुसार विकार पावत नाहीत. ही सभ्यता निरुपद्रवी नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार अपंग पुरुषांपैकी सुमारे ६२ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी अवघ्या ४५ टक्के. कामकरी होते ते अनुक्रमे ४७ व २३ टक्के. एका शब्दाखाली दोन आयुष्ये झाकली जातात. २०१६ च्या अधिनियमास चौथ्या कलमात स्त्रियांचा व बालकांचा निर्देश वेगळा करावा लागला, हे लक्षणीय होय.

आत्मकथनात ही झाकपाक चालत नाही. माधवनगरहून फार दूर नसलेल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ या दृष्टीने पाहावे. मराठीत ‘मी गेले’, ‘मी बसते’ म्हणताच निवेदक स्त्री ठरते. अपवाद सकर्मक भूतकाळाचा : ‘मी संस्था काढली’ येथे क्रियापद संस्थेशी जुळते, ‘मी’चे लिंग उरत नाही. (यात प्रतीक शोधण्याचा मोह टाळलेला बरा.) अशा ग्रंथांची ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून बोळवण करणारी समीक्षा ही क्रियापदे वाचीतच नाही. घराबाहेर पडण्यास परवानगी कोणाला, शिक्षणाचा खर्च प्रथम कोणावर, हे प्रश्न तिला पडत नाहीत.