फडातला वाजवणारा आणि आपली समीक्षा

तमाशावर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. लावणीवर प्रबंध झाले, शाहिरांची चरित्रे झाली, वगांची संपादने झाली. चित्रपटवाल्यांनी तर कोल्हापुरात बसून तमाशाचे एक वेगळेच गाव उभे केले. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला, १९७२ साली 'पिंजरा'. या सगळ्या ढिगाऱ्यात एक माणूस मात्र हाताला लागत नाही. दसऱ्याला हलगी किंवा ढोलकी काखेत मारून घर सोडणारा आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा उरकल्यावर घरी परतणारा वाजवणारा. त्याचा ठेका सर्वांनी ऐकला. तो कुठे झोपला, काय जेवला, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो एका विद्यार्थ्याने. हा मुलगा मेटल ऐकतो. विजेच्या गिटारी, कानठळ्या बसवणारे ड्रम, असे ते संगीत. मला त्यातले फारसे कळत नाही. पण त्या वादकांनी लिहिलेली दौऱ्यांची वर्णने तो वाचत असतो, आणि त्यांतली काही त्याने मला मराठीत सांगितली. दिवसभर गाडीत बसणे, रस्त्यावर मिळेल ते खाणे, सामान उतरवणे, तासन्‌तास वाट पाहणे, तासभर वाजवणे, पुन्हा सामान चढवणे. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, आपल्याकडं असं कुणी लिहिलंय का?" मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते. पुढे त्याच्याकडूनच कळले की या संगीताचा उगम ज्या 'ब्लॅक सॅबथ'पासून मानतात, तो संच इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. त्यांची पहिली तबकडी १९७० ची. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली बोटांची टोके गमावून बसला होता. त्या संगीताचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण या बोटांपाशी थांबतो. वाजवणारा हात आधी कामगाराचा हात होता, हे तिथे सांगावेच लागते.

आपल्याकडे काय होते? आनंद यादवांची 'नटरंग' घ्या. कागलच्या मातीतली ही कादंबरी. शेतमजूर गुणा फड उभा करतो आणि फडासाठी नाच्या होतो. यादवांना या माणसाची भाषा ठाऊक आहे, मजुरीही ठाऊक आहे. ती कादंबरी मी लहान मानणार नाही. पण तिचे सारे लक्ष एका पुरुषाच्या देहाच्या विटंबनेवर आणि त्याच्या कलेच्या वेडावर आहे. २०१० साली रवी जाधवांनी तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा हे वेड आणखी उजळ झाले आणि मजुरी आणखी मागे गेली. पडद्यावर ढोलकी अशी कडाडते की प्रेक्षक शिट्ट्या मारतात. ती वाजवणारे हात गाण्यापुरते येतात आणि गाण्याबरोबर जातात.

याच दिग्दर्शकाने २०१६ साली हिंदीत 'बँजो' केला. आमच्या भागात बेंजो म्हणजे काय हे सांगायला नको. टंकयंत्रासारख्या कळांचे, तारांचे ते वाद्य, त्याला विजेची जोड, मागे टेम्पोवर रचलेले भोंगे, पुढे ताशा आणि ढोल. वस्तीवस्तीतली पोरे लग्नसराईत आणि गणपतीत त्यावर पोट भरतात. आमच्याकडचे मेटल म्हणायचे तर हेच. चित्रपटात मुंबईच्या झोपडपट्टीतल्या अशा वादकांना शोधत न्यूयॉर्कहून एक तरुणी येते आणि त्यांचे भाग्य उजळते. म्हणजे बाहेरून कोणी येऊन ओळखल्याखेरीज हा वादक कलावंत ठरत नाही. शिवाय जात हा त्या कथेचा प्रश्नच नाही. सुपारी कोण देतो, किती देतो, जेवण कोठे वाढतो, हेही त्या कथेला लागत नाही.

प्रस्थापितांचे हे झाले. आपण काय केले? अण्णाभाऊ साठे तरुणपणी तमाशात राहिलेले. त्यांची 'वैजयंता' तमाशातल्या बाईची पिळवणूक दाखवते, आणि ती आधी दाखवणे रास्तच होते. विठाबाई नारायणगावकरांचे योगिराज बागुलांनी लिहिलेले चरित्र आणि किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' ही दोन्ही पुस्तके त्याच वाटेवरची. फडाचा संसार त्यांच्यात जितका दिसतो तितका पंडितांच्या दहा प्रबंधांत दिसत नाही. रुस्तुम अचलखांब आणि नामदेव व्हटकर यांनी तमाशाचे शास्त्र लिहिले. भीमराव कर्डकांचे 'आंबेडकरी जलसे' तर आपल्या फिरत्या कलावंतांचे स्वतःच्या हाताने लिहिलेले दप्तर आहे. पण जलसेवाला विचार पोचवायला निघाला होता, त्याच्या चालण्याला एक प्रकाश होता. पोटासाठी निघालेल्या हलगीवाल्याच्या वाट्याला तो प्रकाश आला नाही, आणि म्हणून आपणही त्याच्याकडे पाहिले नाही.

यामागे एक कारण आहे आणि ते साधे नाही. महाडपासून आपल्याला सांगितले गेले की मेलेली गुरे ओढणे सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा. त्याबरोबर गावकीचे वाजवणेही ठिकठिकाणी सुटले. त्यासाठी माणसांनी बहिष्कार सोसले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महारकी वतन मोडले. हा नकार आपल्या माणूसपणाचा पाया आहे, त्याला मी बोट लावणार नाही. पण त्या नकाराचा पुढे एक विपर्यास झाला. सोडणारा तो शहाणा आणि न सोडणारा तो मागासलेला, अशी वाटणी झाली. मग ती वाटणी जातींवर बसली. "ते अजून वाजवत्यात," हे मांगवाड्याविषयीचे वाक्य मी आपल्याच सभांच्या बाहेर, चहाच्या गाड्यावर ऐकले आहे. बोलणारे पदवीधर होते.

येथे दोन वाजवण्यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. पाटलाच्या दारात, मिरवणुकीच्या पुढे, वतनाचे म्हणून वाजवायचे, नकार दिला तर मार खायचा, आणि मोबदला म्हणून सुगीला धान्य घ्यायचे, हे एक वाजवणे. ते दास्य होते. दुसरे वाजवणे हंगामाच्या बोलीवर, रोख पैशावर, गाव सोडून. तिथे मालक बदलता येतो. पण या दुसऱ्यालाही बेडी आहे, तिचे नाव उचल. पावसाळ्यात काम नसते, कौले शाकारायची असतात, पोराची फी असते. त्या वेळी फडमालक रक्कम देतो आणि हंगामभर पगारातून ती कापतो. मध्येच फड सोडला तर रक्कम डोक्यावर राहते. आपल्या समीक्षेला पहिल्या वाजवण्याचा इतिहास येतो. दुसऱ्याचे अर्थशास्त्र तिला येत नाही, म्हणून ती दोघांना एकाच दोरीत बांधते.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, अनेक हंगाम फडात हलगी वाजवत होते. त्यांच्याकडून ऐकलेला दिवस असा. खेळ संपतो तेव्हा कोंबडे आरवत असते. खांब उपटायचे, कनात गुंडाळायची, ट्रक भरायचा. सामान चढवणाऱ्यांत वाजवणारेही असतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वाद्य मात्र कोणी सामानात टाकत नाही, ते मांडीवर. वळकट्यांवर आडवे व्हायचे, पुढच्या गावाच्या माळावर उन्हाने जाग येईल तेवढीच झोप. मग पाणी कोठे मिळेल त्याची चौकशी. आबांच्या तरुणपणी या चौकशीत जातीची चौकशीही असे. दुपारी भाकरी आणि पातळ कालवण. संध्याकाळी पाचटाचा जाळ करून हलगी शेकायची, कारण दव पडले की कातडे बसते आणि आवाज मरतो. अलीकडे कातड्याच्या जागी फायबर आले, जाळ विझला. आबांना तो आवाज आवडत नसे, "डब्यागत वाजतंय" म्हणायचे. पण रात्री हात भाजणे वाचले हेही तेच सांगायचे. आता रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाच्या बंदीमुळे अनेक ठिकाणी वगच कापला गेला आहे. वगाच्या जागी चित्रपटातली गाणी आली आणि हलगीचे काम आणखी कमी झाले.

मी एकदा त्यांना म्हटले, आबा, हे लिहून काढू या. त्यांनी हसून उडवून लावले. "काय लिवणार तू? गाडीत झोपलो, उठलो, वाजीवलं, पुन्हा गाडीत झोपलो." त्या वेळी मला वाटले की यात खरेच लिहिण्यासारखे काही नाही. मी त्या वेळी 'संघर्ष' शोधत होतो, आणि तो प्रसंगातच असतो असे मला शिकवले गेले होते. आपल्या आत्मकथनांनाही प्रसंगाची ओढ आहे. अपमान, मार, उपास, नकार. दररोज सारखाच येणारा दिवस, ज्यात कोणी थोबाडीत मारत नाही पण कोणी गादीही देत नाही, त्याला आपल्याकडे अजून गद्य सापडलेले नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) बिऱ्हाडाचे चालणे आहे, ते या गद्याच्या बरेच जवळ जाते. तिथून पुढे कोणी गेले नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी जोतिबाची चैत्र यात्रा झाली नाही, गावोगावच्या जत्राही नाहीत, फड जागच्या जागी बसले. तेव्हा वर्तमानपत्रांना तमाशा कलावंत आठवला. छायाचित्रे बहुतेक नर्तकींची होती.

आणि चौदा एप्रिल. त्या दिवशी आपल्या मिरवणुकीपुढे बेंजो असतो, तो वाजवणारी पोरे आपलीच किंवा शेजारच्या वाड्यातली. काही वर्षांपूर्वी एका जयंती समितीच्या बैठकीला मी हजर होतो. मंडपाचा भाव पाच मिनिटांत ठरला. बेंजोवाल्यांशी मात्र तासभर घासाघीस चालली. "बाबासाहेबांचं काम हाय, कमी करा," असे त्यांना सांगण्यात आले. मंडपवाल्याला तसे कोणी म्हटले नाही. मिरवणूक रात्री संपली. पुढारी जेवले, पाहुणे जेवले, आम्ही प्राध्यापकही जेवलो. पोरे टेम्पोमागे तारा गुंडाळत बसली होती. त्यांतल्या एकाच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मी त्याला जेवलास का म्हणून विचारले. तो म्हणाला, "न्हाई सर, उद्या इचलकरंजीला हाय, निघायचं."