वरून सांगितलं होतं: ‘हार्ड नॉक्स’ पाहताना

सकाळी कंपनीची बस मोशीच्या पुढे अडकली की पाऊण तास कुठेच जात नाही. नेटफ्लिक्सवरच्या ‘डर्टी मनी’ या मालिकेचा पहिला भाग, ‘हार्ड नॉक्स’, मी अशाच दोन प्रवासांत फोनवर पाहिला. 2018 साली आलेला हा माहितीपट अ‍ॅलेक्स गिबनी यांचा आहे आणि विषय आहे फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा. बस निघाली होती चाकणला. तिथे 2009 पासून फोक्सवॅगनचाच कारखाना आहे. त्यामुळे ही गोष्ट लांब जर्मनी-अमेरिकेतली आहे, असं मला एकदाही वाटलं नाही.

माहितीपट चांगला आहे, हे आधी सांगतो. गिबनी स्वतः ‘क्लीन डिझेल’ म्हणून ही गाडी घेतलेले ग्राहक, म्हणून त्यांची चीड उसनी वाटत नाही. डिझेलचा धूर निरुपद्रवी आहे हे दाखवण्यासाठी माकडांना कोंडून तो हुंगायला लावला, तो प्रयोग पाहताना घास घशात अडकतो. पण गिबनींची गोष्ट दोनच टोकांवर उभी आहे: फसलेला ग्राहक आणि मग्रूर साहेब. मधला मजला जवळजवळ रिकामाच आहे. मी त्याच मजल्यावर काम करतो, म्हणून मला तो रिकामा दिसला.

कारण हा गुन्हा कुणीतरी बसून टाईप केला होता. स्टिअरिंग किती फिरतंय, वेग किती, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, यावरून गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे सॉफ्टवेअर ओळखायचं. चाचणी असेल तर धूर नियमात. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साईडचं प्रमाण मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. कोडमध्ये या भागाचं नाव होतं ‘अकूस्टिक फंक्शन’, म्हणजे आवाजाशी संबंधित काहीतरी. असं साळसूद नाव कोण देतं, हे कोड लिहिणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

या मधल्या मजल्यावरच्या एका माणसाचं नाव जेम्स लियांग. 1983 पासून फोक्सवॅगनमध्ये इंजिनिअर. अमेरिकेचे नियम आणि कंपनीला हवं तसं इंजिन यांचा मेळ बसत नाही, हे त्याच्या टीमला 2006 च्या सुमारास कळलं आणि त्यांनी सॉफ्टवेअरचा रस्ता धरला. तो सूत्रधार नव्हता, कंपनीवरच्या निष्ठेपोटी वाहवत गेला, असं त्याच्या वकिलाने मांडलं. ऑगस्ट 2017 मध्ये डेट्रॉईटच्या न्यायालयाने त्याला 40 महिन्यांचा तुरुंगवास आणि 2 लाख डॉलर दंड सुनावला. सरकारी पक्षाने मागितलं होतं त्याहून हे जास्त होतं. कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांच्यावरचा खटला जर्मनीत उभा राहायला सप्टेंबर 2024 उजाडलं आणि त्यांच्या प्रकृतीमुळे तो लगेच थांबलाही. शिक्षेची शिडी खालून वर चढते, आणि वर पोचता पोचता तिला दम लागतो.

न्यायालयाने लियांगच्या बाबतीत जो प्रश्न विचारला, तो या माहितीपटाने विचारायला हवा होता: तुला कधी कळलं, आणि कळल्यावर तू काय केलंस? आपल्याकडचा कायदाही तिथेच बोट ठेवतो. फसवणुकीत हेतू सिद्ध व्हावा लागतो, त्यामुळे खरोखर अजाण असलेल्याला वाट आहे. पण ‘वरून सांगितलं होतं’ ही ढाल खासगी नोकरीत चालत नाही. मॅनेजरचा मेल म्हणजे कायदा नव्हे. उलट, माहीत असून हातभार लावला तर भारतीय न्याय संहितेचं कट-कारस्थानाचं कलम 61 साहेब आणि ज्युनिअर असा भेद करत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे पडले, तेव्हा शेकडो पोरं-पोरी ताब्यात घेतल्या गेल्या आणि सुमारे 70 जणांना अटक झाली. अमेरिकन करखात्याच्या नावाने लोकांना धमकवायची स्क्रिप्ट त्यांच्या हातात कुणीतरी दिली होती. वाचत मात्र ते होते.

भारतातही डिसेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन समूहाने सुमारे 3 लाख 23 हजार डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला, मग सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली. यातला एकही आकडा गिबनींच्या पटात नाही. त्याची तक्रार नाही, त्यांचा ग्राहक अमेरिकन आहे. तक्रार वेगळी आहे. पट संपल्यावर मला साहेबांचा राग आला आणि हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मला खटकलं.

कारण माझ्या पहिल्या नोकरीत, भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत, मी पंप तपासणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहायचो. ऑडिटच्या आदल्या रात्री सर म्हणाले, “सेन्सरचं रीडिंग आलं नाही तर मागचंच रीडिंग छाप. रिपोर्टमध्ये लाल दिसायला नको.” मी आठ ओळी लिहिल्या. त्या फंक्शनला मी नाव दिलं ‘स्मूदिंग’. मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर ते नाव सुचलं. पुढे काही झालं नाही, कुणी विचारलं नाही. सरांनी ते तोंडी सांगितलं होतं, त्याचा कुठेच पुरावा नाही. त्या आठ ओळींसमोर मात्र तारीख, वेळ आणि माझं नाव आहे.

‘हार्ड नॉक्स’ जरूर पाहा. फक्त पाहताना ग्राहकाच्या खुर्चीत बसू नका. आपल्या खुर्चीत बसून पाहा.