व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर हेडफोन ॲम्प्लिफायर : तंबोऱ्याच्या नादाची कसोटी

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि कालांतराने घरोघरचा व्हॉल्व्हचा रेडिओ मागे पडला. तथापि व्हॉल्व्हचा आवाज ‘गोड’ व ट्रान्झिस्टरचा ‘कोरडा’ हे मत सोलापूर-मिरजेकडील ध्वनिमुद्रिकाप्रेमी रसिकांतही रूढ आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा नाद हेडफोनवर ऐकताना या मताची चिकित्सा करता येते.

जवारीमुळे तंबोऱ्याच्या एका तारेतून अनेक उपस्वर उमटतात. मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर मिसळतो. ही भर मूळ स्वराशी एकरूप होत असल्याने विकृती न वाटता भरीवपणा वाटतो. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये अशी भर अत्यल्प असते. मात्र क्षमतेबाहेर गेल्यास तरंगांचे माथे एकदम छाटले जाऊन आवाज कर्कश होतो. शिवाय ज्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा निर्गम-रोध अधिक असतो, त्यावर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये खर्ज फुगू शकतो. ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये हा परिणाम कमी असतो.

सारांश, व्हॉल्व्हचा गोडवा खरा आहे. परंतु तो यंत्राचा आहे. अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांच्या स्वरलगावाची समीक्षा करणाऱ्याने दोन्ही यंत्रांची आवाजपातळी समान ठेवून, कोणते यंत्र चालू आहे हे न जाणता ऐकावे. अन्यथा यंत्राचा गुण गायकीच्या खात्यावर जमा होण्याचा धोका संभवतो.