तात्पर्य कोणाला कळते?

‘लहान मुलांना कोणते कार्यक्रम पाहू द्यावेत?’ हा पालकसभेत हमखास निघणारा प्रश्न. आपले उत्तरही बहुधा ठरलेले असते : ज्यात फारशी मारामारी नाही, ज्याचा शेवट गोड आहे आणि ज्यातून काही बोध मिळतो, तो कार्यक्रम चांगला. ही कसोटी वरवर बिनचूक वाटते. पण ती मोठ्यांच्या नजरेची कसोटी आहे. बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या मुलांना ती जशीच्या तशी लावता येत नाही, असे आम्हाला वाटते.

प्रथम बोधाचेच पाहू. ‘क्लिफर्ड’ या अमेरिकन व्यंगचित्र मालिकेच्या एका भागात तीन पायांचा एक कुत्रा येतो. गोष्टीतली एक कुत्री आधी त्याला बिचकते, शेवटी सर्वांची मैत्री होते. अपंगत्व असलेल्यांना वेगळे मानू नये, हा बोध आपल्याला लगेच कळतो. मारी-लुईझ मॅरेस आणि एमिली अकोस्टा यांनी हा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलांना दाखवला आणि त्यातून काय शिकायचे ते विचारले. २००८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलांना अपेक्षित बोध सांगता आला नाही. काहींचे उत्तर होते, तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगले वागावे!

शिक्षकांना याचे नवल वाटू नये. दोन आंबे आणि तीन आंबे मिळून पाच आंबे होतात हे मूल आधी शिकते. ‘दोन अधिक तीन’ ही आंब्यांपासून सुटलेली कल्पना त्याला मागाहून कळते. गोष्टीतल्या कुत्र्यापासून वर्गातल्या मित्रापर्यंत जाणे ही तशीच पायरी आहे. शिवाय वीस मिनिटांच्या गोष्टीत अठरा मिनिटे भांडण आणि दोन मिनिटे समेट असेल, तर मुलाने जास्त वेळ काय पाहिले? भांडणच.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. १९७८ ते १९८२ या काळात अमेरिकेत ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही मालिका चालू होती. तिचा नायक संतापला की हिरवा, अक्राळविक्राळ होतो आणि संकटातल्यांना वाचवतो. मोठ्यांच्या दृष्टीने हा सज्जनांचा कैवारी. पण जोन कँटर यांनी पालकांकडे चौकशी केली, तेव्हा बालवाडीतल्या मुलांना घाबरवणाऱ्या कार्यक्रमांत हीच मालिका पुढे असल्याचे आढळले. मुलांना नायकाचा हेतू दिसत नव्हता, बदलणारा चेहरा दिसत होता. पुढे सिंथिया हॉफनर आणि कँटर यांनी १९८५ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्ट एकच, पण तिच्यातली म्हातारी काही मुलांना प्रेमळ आजीसारखी दिसली, तर काहींना चेटकिणीसारखी. तिचे वागणेही कधी मायाळू, कधी दुष्ट ठेवले होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर तिच्या रूपाचा प्रभाव जास्त होता. वय वाढत गेले तसे मुले तिच्या वागण्याकडे अधिक पाहू लागली.

तिसरी गोष्ट खऱ्या-खोट्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन फ्लॅव्हेल आणि सहकारी यांनी मुलांना पडद्यावर लाह्यांनी भरलेले भांडे दाखवले आणि विचारले, हा टीव्ही उलटा केला तर लाह्या सांडतील का? तीन वर्षांची कित्येक मुले ‘हो’ म्हणाली. चार वर्षांची मुले बहुधा फसली नाहीत. हा अभ्यास १९९० सालचा. पण लाह्या सांडत नाहीत एवढे कळले म्हणजे सारे कळले असे नव्हे. उडणारा माणूस प्रत्यक्षात नसतो, हे समजायला आणखी काळ जावा लागतो.

येथे ‘शक्तिमान’ची आठवण होते. १९९७ ते २००५ या काळात दूरदर्शनवर गाजलेली ही मालिका बोधाच्या कसोटीवर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. कथा संपल्यावर नायक स्वतः मुलांना चांगल्या सवयींचे धडे देत असे. तरी ‘शक्तिमान वाचवायला येईल’ म्हणून मुलांनी जिवावरचे धाडस केल्याच्या बातम्या तेव्हा येत. त्यांची सत्यासत्यता बाजूला ठेवली, तरी त्यानंतर नायकाला पडद्यावरून ‘असे करू नका’ हे सांगावे लागलेच. आमचा आक्षेप मालिकेच्या हेतूवर नाही. गरगर फिरून उडणे चित्रांत दाखवायचे आणि इशारा शब्दांत द्यायचा, या रचनेवर आहे. या वयात चित्र शब्दावर मात करते.

मग वयाचे शिक्के उपयोगी पडतात का? थोडेसे. आपल्याकडे इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या मालिकांना २०२१च्या नियमांनी आणि चित्रपटांना २०२४च्या नियमांनी सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या ठरवून दिल्या. सातच्या खाली मात्र ‘सर्वांसाठी’ हा एकच शिक्का आहे. तीन वर्षांचे मूल आणि सहा वर्षांचे मूल यांच्या समजुतीत केवढे अंतर असते हे आपण वर पाहिले. नेमक्या त्याच ठिकाणी शिक्का मुका आहे.

याहून चांगली रीत ‘सेसमी स्ट्रीट’च्या निर्मात्यांनी दाखवून दिली. १९६९ साली, पहिले प्रसारण होण्यापूर्वी, एडवर्ड पामर यांनी मुलांना टीव्हीसमोर बसवले आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रे लावली. मुलाची नजर कोठे वळते, याची नोंद होत राहिली. बाहुले आणि खरी माणसे एकत्र दाखवली तर मुले गोंधळतील, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. चाचणीत मात्र बाहुले नसलेल्या दृश्यांत मुलांचे लक्ष उडाले. तेव्हा सल्ला बाजूला ठेवून रस्त्यावरच्या माणसांत बाहुले आणले गेले. लक्ष लागले म्हणजे कार्यक्रम योग्य ठरला असे नाही, हे खरे. पण मुलाला काय दिसते ते मुलाकडूनच समजून घ्यावे, ही दृष्टी मोलाची आहे.

ही रीत आपल्या वर्गातही वापरता येईल. एखाद्या कार्यक्रमाची दहा मिनिटे मुलांना दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकेकट्याने तीन प्रश्न विचारावेत. काय झाले? चांगले कोण, आणि कशावरून? असे खरोखर होईल का? उत्तरे सुधारू नयेत, जशीच्या तशी लिहून घ्यावीत. बालवाडी, पहिली आणि तिसरी यांच्या वह्या शेजारी ठेवल्या, की एकच कार्यक्रम तिन्ही वर्गांनी किती वेगवेगळा पाहिला ते कळेल. पुढच्या पालकसभेत कार्यक्रमांची यादी वाचून दाखवण्याऐवजी या वह्याच पालकांपुढे ठेवाव्यात.