धर्मप्रसारकाचे अरण्यपर्व

बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसास नागपूर कधी परके वाटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर ते दोन्ही प्रदेश एकाच राज्यात होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील ही भातशेतीची सखल भूमी मागे टाकून ईशान्येस बैहरकडे चढू लागले, म्हणजे सालवृक्षांची अरण्ये सुरू होतात आणि गोंड व बैगा यांची वस्ती लागते. खालच्या मैदानातील आपल्या लोकांना ह्या वरच्या लोकांविषयी फारसे कुतूहल कधी नव्हते. त्यांच्याविषयीचा मोठा ग्रंथ लिहिला तो डोव्हर येथे जन्मलेल्या एका बिशपपुत्राने. ‘द बैगा’ हा तो ग्रंथ १९३९ साली निघाला. त्याचे कर्ते वेरिअर एल्विन यांचे ‘द ट्रायबल वर्ल्ड ऑफ वेरिअर एल्विन’ हे आत्मचरित्र त्यांच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे १९६४ साली प्रसिद्ध झाले व पुढच्या वर्षी साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी ठरले. ह्या आत्मचरित्राचाच परामर्श आम्हांस येथे घ्यावयाचा आहे.

ख्रिस्ती धर्मप्रसारकाचे चरित्र आपल्या वाचकांपुढे ठेवताना मनात थोडा संकोच उभा राहतो, हे लपविण्याचे कारण नाही. ज्यांचे कुलदैवत सोळाव्या शतकात कुशस्थळीहून प्रियोळास न्यावे लागले, त्यांच्या स्मरणात ‘पाद्री’ हा शब्द निर्मळ अर्थाने उतरलेला नाही. तथापि त्याच साष्टीच्या भूमीत १५७९ साली आलेल्या फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि कोंकणीचे व्याकरणही सिद्ध केले. परदेशी धर्मसेवक आपल्याला काय देतो व आपल्याकडून काय नेतो, हा हिशेब म्हणूनच एका रकमेत मांडता येत नाही. एल्विनच्या बाबतीत तर तो अधिकच गुंतागुंतीचा आहे.

ऑक्सफर्डमधील उज्ज्वल विद्याभ्यासानंतर एल्विन १९२७ च्या अखेरीस पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. जॅक विन्स्लो यांनी स्थापिलेल्या त्या संघात ख्रिस्ती साधनेला भारतीय आश्रमाचे वळण देण्याचा प्रयत्न चालला होता. साबरमतीस जाऊन गांधीजींचे दर्शन घडले आणि हा तरुण पाद्री खादीधारी होऊन राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने लिहू-बोलू लागला. पुढे जमनालाल बजाज यांच्या सूचनेवरून त्यांनी गोंडांमध्ये राहण्याचे ठरविले आणि १९३२ च्या आरंभी मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे मातीच्या झोपड्यांत आश्रम मांडला.

आत्मचरित्रातील हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटतो. हिवताप, रस्त्यांचा अभाव, पैशाची कायमची ओढाताण, औषधांसाठी दारी येणारे रोगी, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा, मुलांची शाळा हे सारे एल्विन इतक्या हसतमुखाने सांगतात, की त्यागाचा दर्प कोठेही जाणवत नाही. मिशनच्या वृत्तांतांत बहुधा आढळणारा ‘अंधारातील जीव’ हा सूर येथे नाही. गोंडांच्या थट्टामस्करीत लेखक स्वतःच पुष्कळदा थट्टेचा विषय होतो. त्यांचे हाल मात्र अरण्याने केले नाहीत तितके सभ्य जगाने केले. नागपूरच्या बिशपने राजनिष्ठेची शपथ घेतल्याखेरीज धर्मकार्याचा परवाना देण्याचे नाकारले आणि एल्विननी ती शपथ घेण्याचे नाकारले. इंग्लंडला गेले असता परतीच्या परवान्यासाठी राजकारणापासून दूर राहण्याची हमी सरकारला द्यावी लागली. एकीकडे देवळाबाहेर, दुसरीकडे चळवळीबाहेर, अशी त्यांची अवस्था झाली. गोंडांचे धर्मांतर करावयाचे नाही हे तर त्यांनी आधीच ठरविले होते. अखेर १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी चर्चचा त्याग केला. एवढ्या मोठ्या घटनेचा अंतरीचा इतिहास मात्र ग्रंथात हवा तितका खोल उतरत नाही. ज्या श्रद्धेने माणसास सात समुद्रांपलीकडे आणले, ती गळून पडताना काही दुखले असेलच. तेथे विनोदाची ढाल पुढे करण्याऐवजी त्यांनी थोडे थांबावयास हवे होते.

ह्या संसारात त्यांचे सोबती होते शामराव हिवाळे. हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ पुण्याच्या संघापासूनचे त्यांचे सहकारी. प्रधानांवरील त्यांचा १९४६ चा इंग्रजी ग्रंथ अभ्यासकांना ठाऊक आहे. मराठी वाचकांना मात्र हे नाव जवळजवळ अपरिचितच. एल्विन १९५४ साली ईशान्य सीमेवर सरकारचे सल्लागार म्हणून गेले आणि पुढे कीर्ती व पद्मभूषण मिळवते झाले. शामराव पाटणगढलाच राहिले. एल्विननी त्यांच्याविषयी प्रेमाने लिहिले आहे. पण परदेशी सेवकाच्या चरित्रात देशी सोबती नेहमी दुय्यम पात्र का होतो, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

ह्याहून गंभीर उणीव आहे ती मौनाची. १९४० साली एल्विननी कोसी ह्या गोंड युवतीशी विवाह केला. १९४९ मध्ये तो न्यायालयात मोडला. आत्मचरित्रात ह्या पर्वाला वेदनेच्या उल्लेखापलीकडे जागा नाही. ज्या लेखकाने बैगा व मुरिया स्त्रीपुरुषांच्या अत्यंत खाजगी जीवनाची शेकडो पाने लिहिली, त्याने स्वतःच्या संसारावर पडदा ओढावा, ही गोष्ट आम्हांस खटकते. रामचंद्र गुहा यांचे १९९९ चे इंग्रजी चरित्र निघाल्यावर ह्या बाजूवर बराच प्रकाश पडला. आत्मचरित्र वाचणाऱ्याने तो ग्रंथही शेजारी ठेवावा.

एल्विन यांच्या विचारांवर सर्वांत कठोर आघात केला तो मालवणात जन्मलेल्या एका सारस्वत पंडिताने, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. ‘द बैगा’त एल्विननी असे सुचविले होते, की ह्या लोकांसाठी एक राखीव प्रदेश असावा आणि त्यांची बेवर शेती व त्यांचे जीवन तेथे अबाधित राहावे. धरणीमातेच्या उरावर नांगर चालविणे बैगा पाप मानतो. त्याच्या बेवरवर सरकारने बंदी आणली, ती १८९० पासून ‘बैगा चक’पुरतीच सैल ठेवली. घुर्यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात ही अलगपणाची कल्पना खोडून काढली: हे लोक हिंदू समाजाचेच मागे पडलेले घटक आहेत, त्यांना वेगळे राखणे घातक होय. आपल्या वाचकांस घुर्यांचा पक्ष स्वाभाविकच जवळचा वाटेल, आणि पुढे एल्विननीही आपली भूमिका पुष्कळ सौम्य केली. परंतु ज्याला आपण आपल्यात घेतले म्हणतो त्याची जमीन सावकाराकडे व जंगल सरकारकडे गेले, ह्या एल्विनच्या तक्रारीला घुर्यांच्या ग्रंथात आम्हांस पुरेसे उत्तर सापडत नाही. हा मनुष्य मिशनऱ्यांचा हस्तक होता, असेही कोणी समजू नये. १९४४ च्या सुमारास मंडल्यातील डच पाद्र्यांच्या धर्मांतराविरुद्ध त्यांनीच मोहीम उघडली होती. नियोगी समितीचा अहवाल आला १९५६ मध्ये. त्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

राखीव उद्यानाच्या त्या सूचनेचे पुढे काय झाले, हे बालाघाटच्या वाचकास सांगण्याची गरज नाही. १९५५ साली मंडला व बालाघाट यांच्या सीमेवर कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. ते वन्य पशूंसाठी होते, आणि नंतरच्या दशकांत तेथील बैगांची गावे उठवून बाहेर नेण्यात आली.