फाशीचा दोर आणि जातीचा उच्चार

फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे दोन भाषांत चालतो. एक दयेची, दुसरी दहशत बसविण्याची. दोन्ही भाषांतला गुन्हेगार मात्र जात नसलेला, वर्ग नसलेला, निव्वळ 'माणूस' असतो. असा माणूस या देशात न्यायासनापुढे कधी उभा राहिला आहे काय? दलित विचाराला या प्रश्नाची मांडणी येथूनच करावी लागेल.

मनूचा दंडविचार उघडपणे विषम आहे. आठव्या अध्यायात ब्राह्मणाला देहदंडाऐवजी मुंडन सांगितले आहे. त्याने कोणतेही पाप केले तरी त्याला मारू नये, त्याच्या धनासह राज्याबाहेर घालवावे, अशी राजाला आज्ञा आहे. अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक मारल्याचे प्रायश्चित्त शूद्रहत्येच्या प्रायश्चित्ताएवढे मानले आहे. दहाव्या अध्यायात वधाची शिक्षा झालेल्यांना मारण्याचे काम चांडाळावर टाकले आहे, आणि मोबदला म्हणून त्यांचे कपडे, अंथरूण, दागिने त्याने घ्यावेत असे म्हटले आहे. मराठी मुलखात हेच काम मांगाच्या माथी मारले गेले. कोणी मरायचे, कोणी वाचायचे आणि मारण्याचा विटाळ कोणी वाहायचा, हे तिन्ही जन्माने ठरत होते. उत्तरकांडातील शंबूकवध हा तर या न्यायाचा आदर्श खटलाच होय. फिर्यादी ब्राह्मण, दंड देणारा राजा, आणि आरोपीला विचारायचा खरा प्रश्न एकच : तुझा वर्ण कोणता? उत्तर खरे दिले आणि मुंडके उडाले.

घटनेने हा कायदा रद्द केला; पण कायदा ज्या समाजातून चालतो तो समाज रद्द झाला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ७६ टक्के कैदी मागास जातीजमातींतले आणि धार्मिक अल्पसंख्याकांतले आढळले. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण देशभरात २४.५ टक्के होते. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात ते निम्मे होते. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणापुरती राखली, तेव्हा एकट्या न्यायमूर्ती भगवतींनी विरोधी मत दिले होते. फाशीचा दोर गरिबाच्याच गळ्यात पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. ३६ वर्षांनी आलेले हे आकडे त्याच म्हणण्याला दुजोरा देतात.

बिहारमधील तीन खटले शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. १९९२ साली बारा गावी भूमिहारांचे हत्याकांड झाले. चौघांना फाशी झाली. त्यांतल्या तिघांची आडनावे मोची आणि पासवान. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तीनपैकी एका न्यायमूर्तींची असहमती असताना. राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलेपर्यंत २०१७ साल उजाडले. १९९६ साली बथानी टोल्यात २१ आणि १९९७ साली लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ गोरगरीब, बहुतेक दलित, रणवीर सेनेने मारले. खालच्या न्यायालयांनी पहिल्या खटल्यात तिघांना आणि दुसऱ्यात सोळा जणांना फाशी सांगितली. पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१३ साली दोन्ही खटल्यांतले शिक्षा झालेले सगळे आरोपी सोडले. साक्षीपुरावा विश्वासार्ह मानला नाही. खालून फाशीची मोठी बातमी येते आणि वरून सुटकेचा कागद येतो. ज्या वस्तीने मुडदे मोजले, तिच्या हाती काय उरले?

आता खैरलांजीच्या निकालाकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. अनेकांनी समाधान व्यक्त केले. पण निकाल नीट वाचणाऱ्याला दिसले की अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध मानलेच नव्हते. सुडापोटी झालेले खून एवढेच गुन्ह्याचे वर्णन उरले. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशी काढून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि जातीचा मुद्दा पुन्हा नाकारला. शंबूकाला वर्ण विचारून मारले. खैरलांजीत जात बाजूला ठेवून न्याय दिला. फाशी मिळाली तीही गेली, आणि गुन्ह्याला गुन्ह्याचे नाव मात्र मिळाले नाही. फाशी देणे व्यवस्थेला जड जात नाही. 'हे जातीमुळे घडले' हे एक वाक्य निकालपत्रात लिहिणे जड जाते, कारण त्या वाक्याने सहा आरोपींच्या मागे उभे असलेले गावही आरोपी ठरते.

कोणी विचारील, आमच्या आयाबहिणींचे रक्त सांडणाऱ्याला फाशी नको म्हणता, मग ते रक्त स्वस्त आहे काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, तो झिडकारता येणार नाही. पण अत्याचार करणारा शिक्षेच्या मोठेपणाला भीत नाही. आपण सुटणार याची त्याला खात्री असते. ही खात्री मोडायची तर फिर्याद त्याच दिवशी नोंदली गेली पाहिजे, पंचनामा खरा झाला पाहिजे, साक्षीदाराला गावात राहता आले पाहिजे. फाशीच्या घोषणेत या मागण्या बुडून जातात.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मृत्यूदंडाचे एकच कलम आहे, ते ध्यानात घ्यावे. खोटी साक्ष देऊन निरपराध दलित वा आदिवासीला फासावर चढविले, तर त्या साक्षीदाराला मृत्यूदंड. फास कोणाच्या गळ्याभोवती आवळला जाऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते, याचा हा पुरावाच नव्हे काय?

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत, फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना, ही शिक्षाच रद्द करणे अधिक योग्य होईल असे सांगितले होते. अहिंसा हे या देशाचे नैतिक तत्त्व असेल तर ते शिक्षेतही उतरले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. मनूचा दंड नाकारणाऱ्या माणसाचे हे म्हणणे आहे. त्याचा पुतळा उभारून त्याच्याच नावाने फाशीची मागणी करणाऱ्या आपल्या मोर्चांनी ते एकदा वाचावे, आणि पुढच्या मोर्चाच्या फलकावर पहिली मागणी लिहावी : निकालात जात लिहा.